सैनिकाचा संसार

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी ज्ञातीच्या लष्करी परंपरेवर एक लेख लिहून द्यावा, अशी संपादक मंडळींनी आम्हांस आज्ञा केली. आज्ञा पाळण्याची सवय २८ वर्षांच्या नोकरीने अंगी जडलेली असल्यामुळे आम्ही तत्काळ होकार दिला. परंतु प्रत्यक्ष लिहावयास बसलो तेव्हा ध्यानात आले की, या विषयावर आजवर पुष्कळ लिहून झालेले आहे. कोणती पलटण कोठे लढली आणि कोणास कोणते पदक मिळाले, हे आपल्या वाचकांस बहुधा तोंडपाठ असेल. त्या सर्व लिखाणात एक गोष्ट मात्र आम्हांस कोठे आढळली नाही. लढावयास गेलेल्या माणसाच्या घरी त्याच्या मागे काय चालले होते, ही ती गोष्ट होय.

आमचा स्वतःचा संसार सुखाचा झाला, हे आम्ही प्रारंभीच कृतज्ञतापूर्वक नमूद करतो. तो सुखाचा कसा झाला याचा विचार करू लागलो, तेव्हा आम्हांस आमच्या घरातील जुनी ट्रंक तर उघडावी लागलीच, पण इतिहासातही बरेच मागे जावे लागले. म्हणून या लेखात थोडा इतिहास आहे आणि थोडी घरची हकीकत आहे. दोहोंची सरमिसळ झाली असल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

पोलादपूर तालुक्यातील उमरठे हे गाव आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तेथील तानाजी मालुसऱ्यांच्या स्मारकापुढे नतमस्तक झाला नाही असा आपल्या भागातील मनुष्य विरळाच. १६७० सालच्या ४ फेब्रुवारीस सिंहगड घेताना त्यांस वीरमरण आले. तोच दिवस मराठा लाइट इन्फन्ट्री आपला रेजिमेंटल दिन म्हणून पाळते, आणि बेळगावच्या मैदानावर त्या दिवशीच्या परेडला उभे राहण्याचे भाग्य आम्हांस अनेकदा लाभले. रायबाच्या लग्नाचे काम अर्धवट टाकून तानाजी मोहिमेस निघाले, ही कथा आपल्याकडे शाळेत जाण्यापूर्वीच मुलांच्या कानांवर पडते. पण घरचा कर्ता पुरुष परत न आलेल्या त्या घराचे पुढे काय झाले? महाराजांनी जातीने उमरठ्यास येऊन रायबाचे लग्न लावून दिले, असे परंपरा सांगते. शाहिराला तेवढे पुरेसे असते. आलेल्या पाहुण्यांना काय सांगितले, दळलेल्या पिठाचे काय केले, नवऱ्या मुलाच्या आईने अंगाला हळद लागलेल्या मुलाकडे कसे पाहिले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. आम्ही तरुणपणी ही कथा ऐकत असू तेव्हा आमचे लक्ष दोरावरून कड्यावर चढणाऱ्या मावळ्यांकडे असे. आता वयाच्या ८० वर्षांनंतर ते उमरठ्याच्या घराकडे अधिक जाते.

शिवकालात सैनिकाच्या घराचा विचार होत नव्हता असे मात्र कोणी समजू नये. कृष्णाजी अनंत सभासद यांनी १६९७ च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत महाराजांच्या लष्कराचे जे नियम दिले आहेत, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलके आहेत. मोहिमेवर असताना लष्करात स्त्रियांना आणण्याची सक्त मनाई होती. दसऱ्याला फौज बाहेर पडे, आठ महिने परमुलखात राही आणि पावसाळ्याच्या तोंडावर स्वदेशी छावणीस परत येई. पहिल्या नियमाचे कौतुक इतिहासकार पुष्कळ करतात. दुसऱ्यातील शहाणपण शेतकऱ्याच्या पोरास अधिक समजते. जो मावळा पावसाळ्यात आपल्या मुलखात असेल, त्याच्या खाचरात भात लागेल, आणि ज्याच्या खाचरात भात लागले आहे तो दसऱ्यानंतर निर्धास्त मनाने निघेल. आमच्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत कंपनीतील जवानांचे सुट्टीचे अर्ज आमच्या हातून पुढे जात असत. कोकणातील जवानांचे निम्मे अर्ज आवणीसाठी असत आणि उरलेले गणपतीसाठी. तीनशे वर्षांत एवढ्यापुरता तरी फारसा फरक पडलेला नव्हता.

त्याच बखरीतील आणखी एक नोंद प्रत्येक सैनिक कुटुंबाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. अफझलखानाच्या प्रसंगी, म्हणजे १६५९ साली, जे लोक कामास आले त्यांच्या मुलांस महाराजांनी चाकरीत घेतले, आणि ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांस निम्मे वेतन चालू करून दिले, असे सभासद सांगतो. निम्मे वेतन! १९७१ च्या युद्धानंतर १९७२ साली सरकारने हुतात्म्यांच्या कुटुंबांसाठी उदार निवृत्तिवेतनाची योजना काढली, तेव्हा आमच्या पलटणीत तिचे मोठे कौतुक झाले, आणि ते यथार्थही होते. तथापि त्या वेळी एका वृद्ध सुभेदारसाहेबांनी आम्हांस सभासदाचा हा उतारा दाखविला होता. त्यानंतरच आम्ही ती बखर मिळवून वाचली.

पुढे हा दंडक सुटला. १७६१ साली पानिपतावर गेलेल्या फौजेबरोबर बायकामुले आणि यात्रेकरू यांचा केवढा परिवार होता, आणि १४ जानेवारीच्या संध्याकाळनंतर त्यांच्यावर काय ओढवले, हे सर्वश्रुत आहे. तो विषय येथे वाढवीत नाही. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत याच्या उलट व्यवस्था होती. तेथे शिपायाचे कुटुंब पलटणीच्या लाइनीतच राही आणि पलटण हलली की संसारही हले. या लाइनींतून किती संसार वाढले याचा हिशेब कोणी ठेवला नाही, पण त्यांपैकी एक घर साऱ्या देशाला माहीत आहे. सुभेदार रामजी सकपाळ हे मूळचे आपल्याच कोकणातले. महूच्या लष्करी शाळेत ते मुख्याध्यापक होते. त्यांचे चौदावे अपत्य १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत जन्मास आले. तेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर होत. निवृत्त झाल्यावर रामजींनी आधी दापोलीस आणि मग साताऱ्यास बिऱ्हाड केले, आणि पेन्शनीच्या तुटपुंज्या मिळकतीत मुलाच्या विद्येचा ध्यास सोडला नाही. पेन्शनर सुभेदाराचे घर कसे असावे याचा दाखला म्हणून आम्ही हे उदाहरण आमच्या मुलांस अनेकदा सांगितले आहे. ज्ञातीच्या अंकात ते देण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

१८९५ साली तिन्ही इलाख्यांच्या फौजा मोडून एक झाल्या, पलटणी दूरदेशी जाऊ लागल्या, आणि कोकणातील सैनिकाचे घर कायमचे गावी राहू लागले. पहिल्या महायुद्धाने हे विलगपण पुरते कळून आले. आपल्या अनेक गावांत चावडीच्या अथवा शाळेच्या भिंतीत संगमरवराची एक पाटी बसविलेली दिसते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास इतके पुरुष गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण अर्पण केले, एवढाच मजकूर तीवर असतो. नावेही नसतात.

आमच्या गावच्या पाटीवर जे गेले म्हणून मोजले आहेत त्यांत आमचे आजोबा एक. ते ११७ व्या मराठा पलटणीत होते. मेसोपोटेमियातील कुट येथे १०३, ११० व ११७ या तिन्ही मराठा पलटणी वेढ्यात सापडल्या. १४७ दिवस अन्नान्न दशा होऊन २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंड यांनी शस्त्रे खाली ठेवली, आणि त्यानंतर तुर्कांच्या कैदेत वेढ्याहूनही अधिक हाल झाले. घरी दोन वर्षे पत्र नव्हते. भावकीतील वडीलधाऱ्यांनी विचार करून ठरविले की, आता दिवस घालावेत, नाहीतर घराला दोष लागेल. त्या वेळी आमच्या आजीचे वय २० च्या आसपास असावे. वडीलधाऱ्यांपुढे कधी तोंड न उघडणारी ती बाई दाराच्या आडून एवढेच म्हणाली, "सरकारचा कागद आल्याबिगर मी कुकू पुसणार नाही." याउपर कोणी बोलले नाही. युद्ध संपल्यावर आजोबा परत आले. कुटविषयी ते आम्हां नातवंडांना पुष्कळ सांगत, घोड्याचे मांस खाण्याची वेळ आली तेव्हा पलटणीत काय वाद झाले हेही सांगत. पण आजीची ही गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही. ती आम्हांस आमच्या आईने सांगितली.

सर्वच घरांना असा शेवट लाभत नाही. आमच्या माणगाव तालुक्याचे सुपुत्र नाईक यशवंत घाडगे हे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले. ते ठाणे त्यांनी घेतले आणि तेथेच देह ठेवला. वय अवघे २२. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि माणगावास त्यांचा पुतळा आहे. ते पदक स्वीकारावयास त्यांची तरुण पत्नी गेली, आणि पदक घेऊन परत आली ती वैधव्याच्या आयुष्यात. आम्ही शाळेत असताना त्या पुतळ्यावरून जाता येता मनातल्या मनात सलाम करीत असू. लष्करात जाण्याची इच्छा आमच्या मनात तेथेच उपजली, हे खरे आहे. त्या माउलीचा विचार मात्र त्या वयात मनात आला नाही.

आता घरच्या हकीकतीकडे वळतो.

आमचे वडील परळला गिरणीत होते. ते १९५९ साली अकाली गेले, आणि आमच्याहून तीन वर्षांनी वडील असलेल्या दादांनी शाळा सोडून नांगर हाती घेतला. १९६२ च्या अखेरीस चीनच्या आक्रमणानंतर जागोजाग भरती निघाली, तेव्हा आम्ही दोघेही बंधू महाडला भरतीच्या ठिकाणी गेलो. धावण्यात आम्ही पुढे होतो, पण छातीच्या मापात दादा आमच्याहून अर्धा इंच सरस ठरले. दोघेही पास झालो. परतीच्या वाटेवर एस.टी.च्या थांब्यावर दादांनी आपली चिठ्ठी खिशातून काढली, घडी घातली आणि पुन्हा खिशात ठेवली. "आईजवळ एक जण पाहिजे. तू जा," असे म्हणाले. एवढ्यावर निकाल लागला. आम्ही त्या वेळी १९ वर्षांचे होतो आणि इतके हर्षित होतो की, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे सुचले नाही.

जानेवारी १९६३ मध्ये आम्ही बेळगावच्या सेंटरमध्ये रंगरूट म्हणून दाखल झालो आणि तेथून पुढे पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे १७६८ साली उभ्या राहिलेल्या जंगी पलटणीत, आमची नेमणूक झाली. मे १९६७ मध्ये सुट्टीवर असताना विवाह झाला. कुटुंबाचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे, परंतु अक्षर वळणदार. लग्नानंतर २३ दिवसांनी आम्ही पलटणीस परत गेलो, आणि आमचा संसार सुरू झाला असे जे म्हणतात तो वस्तुतः दादा, वहिनी, आई आणि आमच्या सौभाग्यवती यांचा सुरू झाला. आम्ही त्यास दरमहा मनिऑर्डर पाठवीत असू. भारतात मनिऑर्डरीची सोय टपालखात्याने १८८० साली सुरू केली. कोकणातील घरांवर या खात्याचे जे उपकार आहेत त्यांवर कोणी तरी स्वतंत्र लेख लिहावा. मनिऑर्डरीच्या फॉर्मखाली चार ओळी लिहिण्यापुरती जागा असे. त्या ओळी पोस्टमन ओटीवर बसून मोठ्याने वाचून दाखवी, त्यामुळे त्यांत खाजगी असे काहीच लिहिता येत नसे. "पैसे पोहोचल्याचे कळवावे, आईच्या गुडघ्यास तेल लावावे, गाभण म्हशीस जपावे." नवविवाहित पतीची पत्रे अशी असत.

आमचा थोरला मुलगा १९६८ साली झाला, मुलगी १९७० साली. दादांची मुले आमच्या सौभाग्यवतींना "काकी" म्हणत, म्हणून आमची मुलेही आपल्या जन्मदात्रीस "काकी"च म्हणू लागली, आणि वहिनींस "आई". ओघानेच आम्ही "काका" झालो. थोरला चार वर्षांचा असताना आम्ही सुट्टीवर गेलो. मुलगा दोन दिवस वहिनींच्या पदराआडून आमच्याकडे पाहत राहिला. तिसऱ्या दिवशी जेवताना त्याने विचारले, "आई, हे काका कधी जाणार?" सर्व जण हसले. आम्हीही हसलो. रात्री झोप लागली नाही, हे येथे प्रथमच सांगत आहोत.

डिसेंबर १९७१ मध्ये आमची पलटण पूर्व आघाडीवर होती. ब्रह्मपुत्रा ओलांडून आम्ही जमालपूरच्या पाठीमागे जाऊन बसलो, आणि १० डिसेंबरच्या रात्री शत्रूची पलटण नगरातून निसटण्यासाठी आमच्या मोर्चांवर पुनःपुन्हा तुटून पडली. पहाटेपर्यंत तिचा जोर संपला आणि ११ तारखेस जमालपूर पडले. लगेच ढाक्याकडे कूच झाले. पुढे टांगाईलजवळ छत्रीने उतरलेल्या दुसऱ्या पॅरा बटालियनला आम्ही जाऊन मिळालो. ही पॅरा बटालियन म्हणजे पूर्वीची तिसरी मराठा, यशवंत घाडग्यांची पलटण. त्या संध्याकाळी अंधारात दोन्हीकडून मराठीत हाका आल्या तेव्हा जे वाटले ते सांगण्याची शक्ती आमच्या लेखणीत नाही.

या धांदलीतच आम्ही घरी पत्र लिहिले. "आम्ही खुशाल आहोत, इकडे थंडी बरीच आहे, काळजी नसावी." शेजारच्या मोर्चात आमच्या तालुक्यातील एक जवान जबर जखमी झाला होता, ते लिहिले नाही. युद्ध थांबल्यावर ९९ ए.पी.ओ.च्या पत्त्यावर घरचे पत्र हाती आले. त्यावर तारीख ११ डिसेंबरची होती. "येथील सर्व क्षेम. भात घरात आले. मुले खुशाल आहेत. आपण जिवास जपावे." ते अंतर्देशीय पत्र आम्ही पुढे कित्येक वर्षे पाकिटात बाळगले. कठीण प्रसंगी घर सुखात असल्याची ती आमची खात्री होती.

या लेखाच्या निमित्ताने आम्ही ट्रंक उघडली, तेव्हा जुन्या पावत्यांत महाडच्या एका डॉक्टरांची चिठ्ठी सापडली. वर आमच्या मुलीचे नाव, वय १४ महिने, न्यूमोनिया, पेनिसिलिनची इंजेक्शने, आणि तारीख ९ डिसेंबर १९७१. आम्ही ती चिठ्ठी घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि विचारणा केली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, आणि मग सर्व हकीकत कळली. मुलीचा श्वास लागला तेव्हा रात्रीचा पहिला प्रहर होता. गाडी नव्हती, आणि युद्धामुळे दिवे लावण्याची बंदी होती. दादांनी मुलीला घोंगडीत गुंडाळून छातीशी धरले आणि बैलगाडीतून रातोरात महाडला नेले. वहिनी बरोबर होत्या. आमच्या आई त्या वेळी अंथरुणास खिळलेल्या असल्याने आमच्या सौभाग्यवतींना घरी राहावे लागले, आणि तीन दिवस मुलगी जगते की जाते हे त्यांस माहीत नव्हते. त्याच तीन दिवसांत ते "सर्व क्षेम" लिहिले गेले होते.

"आम्हांस का कळविले नाही?" असे आम्ही विचारले. पन्नास वर्षांनंतर हा प्रश्न विचारण्यात काही अर्थ नव्हता, पण विचारला.

"कळवून तुम्ही येणार होतात का? तुमचं लक्ष तिथे एका जागी पाहिजे होतं. भावोजींनी सांगितलं, त्याला लिहायचं नाही, मी आहे." मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही तरी थंडी आहे एवढंच लिहिलंत."

ती मुलगी आज स्वतः आजी झाली आहे. तिला बोलावून ही चिठ्ठी दाखविली, तेव्हा समजले की, तिला सर्व माहीत होते. घरात माहीत नसलेले आम्हीच एकटे होतो.

आमच्या सुखाच्या काळाविषयी आमची एक ठाम समजूत होती, ती याच दिवसांत डळमळली. १९७६ ते १९७९ ही तीन वर्षे आम्ही बेळगावच्या सेंटरमध्ये शिक्षक होतो आणि आम्हांस फॅमिली क्वार्टर मिळाले. दोन खोल्या, पुढे जाईचा वेल, रविवारी मंदिर परेड, पगाराच्या दिवशी मुलांसाठी कुंदा. धाकट्याचा जन्म तेथेच १९७७ साली झाला, आणि तीन अपत्यांपैकी त्या एकाच्याच जन्माच्या वेळी आम्ही जवळ होतो. शेजारी साताऱ्याकडील एका हवालदारांचे बिऱ्हाड होते. त्या बाईंनी आमच्या घरी ज्वारीची भाकरी थापण्यास शिकविले आणि आमच्याकडून तांदळाची शिकून घेतली. हीच आपल्या संसाराची सुवर्णवर्षे, असे आम्ही मित्रमंडळींत नेहमी सांगत आलो. परवा हेच वाक्य सौभाग्यवतींच्या समोर बोललो, तेव्हा त्या म्हणाल्या की, बेळगावचे पहिले सहा महिने त्या रोज दुपारी रडत असत. आमच्यासाठी नव्हे. वहिनींची आठवण येई म्हणून. गावात नदीवर जावयाचे ते दोघींनी, राब भाजावयाचा तो दोघींनी, बाळंतपणे एकमेकींची केलेली. बेळगावात घर आपले होते, पण बोलावयास माणूस नव्हते. "तुम्ही होतात की," असे त्यांनी आमची समजूत घालण्यासाठी पुढे जोडले, पण ते उशिरा जोडले.

त्यांच्याच ट्रंकेत आम्हांस १९७४ पासूनची कालनिर्णये नीट गुंडाळून ठेवलेली सापडली. आमच्या घरात त्या वर्षापासून हे कॅलेंडर भिंतीवर आले. दुधाचा हिशेब, गाईम्हशींच्या तारखा, उसने दिलेले तांदूळ हे सर्व त्या चौकोनांत आहे, आणि मधूनच पेन्सिलीने एक शब्द: "आले". पुढे काही दिवसांनी दुसरा: "गेले". कर्त्याचे नाव लिहिलेले नाही. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे, परंतु अस्सल साधन कशास म्हणावे हे आम्हांस त्या दिवशी समजले. बेळगावची तीन वर्षे वगळून १९७४ ते १९९० या काळातील "आले" पासून "गेले" पर्यंतचे सर्व दिवस आम्ही दोनदा मोजले. १४ वर्षांच्या ५,००० हून अधिक दिवसांपैकी आम्ही घरी होतो ते ८७४ दिवस. एका वर्षी गणपतीत "आले" लिहून ते खोडलेले आहे. त्या वर्षी सुट्टी मंजूर होऊन ऐन वेळी रद्द झाली होती, हे आमच्या ध्यानात होते. घरी आमच्या नावाने आधीच लिहून ठेवले होते, हे नव्हते. १९९१ च्या कॅलेंडरवर ३१ जानेवारीच्या पुढे "आले" असे आहे. (कोकण रेल्वे माणगावास आली ती १९९३ साली. सारी नोकरी आम्ही एस.टी.ने येजा केली आणि निवृत्त झाल्यावर गाडी दारात आली, हा विनोद आम्ही अद्याप सांगत असतो.)

आम्ही सुभेदार म्हणून निवृत्त झालो त्या वर्षी आपल्या मंडळाने आमचा जाहीर सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि मानपत्र देण्यात आले. मानपत्रात जमालपूरचा उल्लेख होता, देशासाठी केलेल्या त्यागाचा होता. आम्ही उत्तरादाखल पंधरा मिनिटे भाषण केले. मंडळाचे, पलटणीचे, गुरुजनांचे आभार मानले. दादा सभागृहात शेवटून दुसऱ्या रांगेत बसले होते. धुतलेले धोतर आणि नवी टोपी घालून ते पहाटेच्या एस.टी.ने मुंबईस आले होते. मानपत्रात त्यांचे नाव नव्हते, यात मंडळाचा दोष नाही, कारण मानपत्रासाठी माहिती आम्हीच पुरविली होती. भाषणातही आम्ही त्यांचे नाव घेतले नाही. मुद्दाम गाळले असे नव्हे, सुचलेच नाही. परतताना ते म्हणाले, "भाषण चांगलं झालं तुझं." आणि शाल नीट घडी करून आपल्या पिशवीत ठेवली, चुरगळू नये म्हणून.

दादा २००४ साली निवर्तले, वहिनी २०१६ साली. दादांच्या मागे त्यांच्या पेटीत जमिनीचे कागद होते, शेतसाऱ्याच्या पावत्या होत्या, आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत महाडच्या भरतीची ती चिठ्ठी होती. घड्यांवर फाटलेली, पण त्यांचे नाव आणि छातीचे माप स्पष्ट वाचता येते. ती आम्ही आमच्या पदकांच्या चौकटीत लावली आहे. नातवंडे विचारतात तेव्हा आम्ही आधी त्या चिठ्ठीची हकीकत सांगतो.

ज्या ज्ञातिबांधवांच्या घरी सैनिकांची जुनी पत्रे, मनिऑर्डरीच्या पावत्या, कॅलेंडरे अथवा हिशेबाच्या वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत न घालता मंडळाच्या कार्यालयाकडे पाठविण्याची कृपा करावी. नकला करून घेऊन मूळ कागद ज्याचे त्यास सुरक्षित परत करण्याची जबाबदारी आम्ही घेतो. वयोमानाने आमची दृष्टी आता अधू झाली आहे, परंतु वाचून दाखवावयास सौभाग्यवती आहेत.